मनोहरला बघायला

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या मनोहरला दोन हजार दोन सालच्या ऑक्टोबरात सकाळी उठवेनासं झालं. ताप नाही, खोकला नाही, नोकरीही शाबूत. त्यामुळे कारण सांगायची पंचाईत. शेवटी त्याच्या बायकोनं, उल्कानं, एका समुपदेशक बाईंची अपॉइंटमेंट घेतली आणि हे फक्त शेजारच्या लतामावशींना सांगितलं. मावशींनीही ते कुणाला सांगितलं नाही. "मनोहरला बघायला जायला हवं," एवढंच त्या फोनवर म्हणत राहिल्या. आजारी माणसाला बघायला जायचं नाही, असं आपल्यात होतं का?

मनोहर बाईंच्या ऑफिसवर पोचला तेव्हा रूट वन हायवेपर्यंत गाड्यांची रांग लागली होती. एडिसन गावच्या मराठी मंडळींनी तर बस केली होती. वेटिंग रूममध्ये साबुदाण्याच्या खिचडीचा वास. मनोहरला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. पण आज बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं.

"फक्त फॅमिली आत येऊ शकते," बाई म्हणाल्या.

"वी आर फॅमिली," मावशींचे यजमान त्र्यंबककाका म्हणाले. "मी काका, ह्या मावशी. बाकीचे बसमध्ये आहेत."

बाई आफ्रिकन-अमेरिकन, अलाबामात वाढलेल्या. त्यांना नवल वाटलं नाही. "माझी आई आजारी होती तेव्हा अख्खं चर्च आलं होतं. मनोहर, तुला चालेल?"

"चालेल," काका म्हणाले.

"मी त्याला विचारलं."

मनोहरनं विचार केला. "हे दोघं चालतील. बस नको."

आत बाईंनी विचारलं, "झोप कशी आहे?"

"एकदम फर्स्ट क्लास," काका म्हणाले.

"भूक?"

"परवाच आमच्याकडे पुरणपोळ्या चेपल्यान की," मावशी म्हणाल्या.

"मन कशात रमतं?"

"ग्रीन कार्ड आलंय त्याचं," काका म्हणाले.

बाईंनी खुर्ची काकांकडे वळवली. "आणि तुमची झोप?"

काका अमेरिकेत आल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. ते मांडीवरच्या चहाच्या थर्मासचं झाकण पिळत राहिले. ते मघाशीच घट्ट बसलं होतं.

"पहाटे जाग येते," ते म्हणाले. "मग छताकडे बघत पडतो. माझं सोडा हो."

मावशींनी नवऱ्याकडे पाहिलं. "मला वाटायचं, तुम्ही घोरताय."

"ते तुला काळजी नको म्हणून."

मनोहरनं महिनाभर वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यातलं एकही त्याला आठवेना.

"काका, मला तर सकाळ व्हावीशीच वाटत नाही," तो म्हणाला.

"बोल," काका म्हणाले, आणि पुढचा पाऊण तास गप्प बसले. लोकांना ही गोष्ट सगळी पटते, एवढंच पटत नाही.