न धुतलेला प्याला

मी प्याला बोलतोय. चर्चमधल्या प्रभुभोजनाचा. लोक मला चांदीचा समजतात. मी पितळेचा आहे, वरून मुलामा. मंडळीतल्या बऱ्याच जणांसारखाच.

मला घडवणाऱ्या कारागिराला मी कुठे जाणार हे ठाऊक नव्हतं. त्याने बूड तेवढं जड केलं, म्हणजे सहज कलंडू नये. त्या एका गुणावर माझं आयुष्य निघालं.

काम साधं होतं. महिन्यातून एका रविवारी माणसं कठड्यापाशी गुडघे टेकत. पाळकसाहेब द्राक्षारसाने भरून मला एकाच्या ओठांशी नेत, पांढऱ्या रुमालाने माझी कड पुसत आणि पुढच्याला देत. त्यामुळे सगळ्यांची तोंडं मी जवळून पाहिली. कोणी ओठ भिजवल्यासारखं करी. कोणी डोळे मिटून असा घोट घेई, की मागच्यांची काळजी वाटावी. खजिनदार मिशा बोटांनी वर धरून पीत. तळाशी उरेल ते पाळकसाहेबांनी संपवायचं, असा नियम. ते ओतून द्यायचं नसतं.

त्या रांगेत दोघे जण नेहमी शेजारी असत. एक गायकवृंदाचे मास्तर, दुसरे शिंपीदादा. दोघे एका घरात राहत, एका छत्रीतून येत. छत्री शिंपीदादा धरत, कारण मास्तर भिजले की त्यांचा घसा बसे. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. तरी गायकवृंदाचे झगे शिंपीदादाच शिवत, लग्नाचे कोटही तेच. मापं देताना कोणाचं काही बिघडलं नाही.

मग खजिनदारांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि पाहुण्यांपैकी कोणीतरी विचारलं, "तुमच्याकडे तसले दोघं रांगेत बसतात म्हणे?"

त्यानंतर त्या दोघांच्या मागून प्यायला कोणी तयार होईना. एरवी शेवटच्या गीताला उगवणारेही लवकर येऊन गुडघे टेकायला धावू लागले. एवढी भक्ती मी त्याआधी पाहिली नव्हती. मास्तरांना कळायचं ते कळलं. ते शिंपीदादांना घेऊन आपणहून शेवटी बसू लागले.

यात एक घोळ झाला. शेवटच्या माणसानंतर प्यायचं कोणी, हे धावपळीत कोणाच्या ध्यानातच आलं नाही. पाळकसाहेबांनी मला उचललं आणि कड न पुसता उरलेलं पिऊन टाकलं. मंडळी बघत राहिली.

लगेच चर्चचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींची बैठक बसली. विषय आरोग्याचा. पिढ्यान्पिढ्या कोणाला न आठवलेले जंतू त्या दिवशी सगळ्यांना एकदम आठवले. ठरलं असं, की ज्याचा त्याला काचेचा छोटा पेला द्यायचा. त्या दोघांना मात्र तोही नाही. "वेगळे राहायला लागा, मग बघू." पाळकसाहेबांची निवृत्ती तोंडावर आली होती. ते बैठकीत काही बोलले नाहीत. निरोपाच्या समारंभात त्यांना मलाच देऊन टाकलं. जुन्या प्याल्याचं करायचं काय हा प्रश्न सुटला, भेटवस्तूचाही सुटला.

पाळकसाहेबांच्या सुनेने माझ्यात पेनं आणि थर्मामीटर ठेवला. माझी तक्रार नव्हती. पेनं निदान एकमेकांशेजारी उभी राहायला कुरकुरत नाहीत.

एका दुपारी मास्तर आले. ओळखू येऊ नये इतके वाळले होते.

"शिंपी जातोय, पाळकसाहेब. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. एकदा प्रभुभोजन मिळावं म्हणतोय. दुसरं काही मागत नाही."

"नव्या पाळकांना विचारलंस?"

"विचारलं. मी घर सोडलं तर येईन म्हणाले. मग त्याला पाणी कोण पाजणार, ते नाही बोलले."

"मला आता अधिकार नाही रे. परवानगीशिवाय मी प्रभुभोजनाची भाकर मोडली, तर..."

कबरस्थानात त्यांच्या बायकोशेजारची जागा त्यांच्यासाठी राखलेली होती. ती देणं न देणं वडीलमंडळींच्या हातात होतं. त्यांनी हे सांगितलं नाही, पण मास्तरांना ठाऊक होतं.

"बरं," मास्तर म्हणाले आणि उठले. दारात त्यांना आपली चप्पल समोर असून दिसेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाताऱ्या पाळकसाहेबांनी माझ्यातली पेनं टेबलावर ओतली.

"बाबा, आता काय शोधताय?" सुनेने विचारलं.

"माझी नोकरी."

द्राक्षारस चर्चच्या कुलपात होता. त्यांनी मनुका उकळल्या, पाणी गाळून बाटलीत भरलं आणि मला पिशवीत घातलं.

शिंपीदादांची खाट शिलाईमशीनला लागून होती. मशीनवर एक झगा पडला होता, एक बाही लावायची राहिलेला. त्यांचा आवाज गेला होता, मस्करी शिल्लक होती.

"माप घ्यायला आलात, पाळकसाहेब?"

"गप्प पड."

"वर तरी घेतील का हो आम्हाला? का तिथंही वेगळं राहायला लागेल?"

"तिथं कमिटी नाही," पाळकसाहेब म्हणाले. भाकर मोडताना त्यांचा हात थांबला. "शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने, त्याला धरून देणाऱ्या यहूदालाही प्याला दिला होता."

मास्तर चिडले. "म्हणजे आम्ही यहूदा?"

"नाही रे. बैठकीत गप्प बसला, तो."

शिंपीदादांना गिळवत नव्हतं. थेंबभर आत गेलं, बाकी हनुवटीवरून उशीवर ओघळलं. मग मास्तर प्याले, मग पाळकसाहेब. चमत्कार वगैरे काही झाला नाही. बाहेर फार वेळ ताटकळलेल्या माणसाला घरच्यांनी दार उघडावं, तसा शिंपीदादांचा चेहरा झाला, इतकंच. दिवस मावळायच्या आत ते गेले.

कबरस्थानाने जागा नाकारली. त्यांना नगरपालिकेच्या जागेत, बेवारसांच्या रांगेत पुरलं. मास्तर शेजारी उभे असताना बेवारस. पाळकसाहेबांची राखलेली जागाही गेली. मला मास्तरांच्या हाती ठेवून ते म्हणाले, "माझी बायको समजून घेईल. नाही घेतलं, तर भेटल्यावर ऐकवेलच."

पुढे खजिनदारांना आठवलं, की मी मंडळीची मालमत्ता आहे. ते न्यायला आले. मास्तरांनी मला पुढे केलं.

"धुतलेला नाही," ते म्हणाले.

खजिनदारांनी मला रुमालात धरलं.

आता मी चर्चच्या कपाटात आहे, उडालेल्या बल्बांच्या शेजारी. तळाशी मनुकांचा तपकिरी डाग वाळलाय. कधी कपाट उघडलंत, तर मला घासू नका. आणि कठड्यापाशी कोणी गुडघे टेकून असेल, तर काही न विचारता मला भरा. माझं तोंड कायम उघडं आहे. नाही म्हणायला ते घडवलेलंच नाही.

मास्तर रविवारी येतात. आत नाही, फाटकाबाहेर रस्त्यावर उभे राहतात. त्यांच्याविना गायकवृंद सूर धरत नाही, दुसऱ्या कडव्याला हमखास घसरतो. मग बाहेरून तो आवाज येतो. फाटलाय, पण सुरात आहे. आतली माणसं चाचपडत त्याच्यावर येतात.

नवे पाळक खिडकी लावायला सांगतात. गायकवृंदातली थोरली बाई म्हणते, "राहू द्या, फार कोंडतंय." अंगावरची शाल घट्ट ओढून घेते आणि ती खिडकी आणखी उघडते.