आईला मावशी म्हणणारी

शनिवारी दुपारी महिला केंद्राच्या खोलीत नेहमीसारखी गर्दी होती. खाली कापडाचं दुकान, वर ही खोली. कायद्याचं शिक्षण घेणारी चार-पाच मुलं दर शनिवारी तिथे येत, बायकांची गाऱ्हाणी ऐकून घेत, अर्ज लिहून देत. पैसा कुणाकडून घ्यायचा नाही, हा नियम. कोर्टात मात्र त्यांच्या वकील मॅडम उभ्या राहत. त्या मुलांतल्या एकीला केंद्रातल्या बायका आत्तापासूनच ‘वकीलबाई’ म्हणू लागल्या होत्या. तिला ते मनातून आवडायचं.

त्या दिवशी तिच्यासमोर एक इस्त्रीवाली येऊन बसली. बसताच म्हणाली, “माझी पोरगी मला परत मिळेल का हो?”

नवरा अपघातात गेला तेव्हा मुलगी नुकती चालायला लागली होती. पुढे एका बस ड्रायव्हरने हिला मागणी घातली. भला माणूस. “पोरीसकट ये,” म्हणाला. पण पहिल्या घरच्या सासूने दारातच मूल काढून घेतलं. विधवेने दुसरं लग्न केलं, की मूल पहिल्या घरी ठेवून जायचं, अशीच त्यांच्यात रीत होती.

“आणि तुमच्या माहेरचे?” वकीलबाईने विचारलं.

“आई म्हणाली, सगळ्याच ठेवून जातात, तू काय जगावेगळी? मीही मान खाली घालून गेले. तिथेच चुकलं माझं.”

वकीलबाईला आपलं घर आठवलं. तिचा स्वतःचा भाऊ आजारपणात गेला होता. घरात तरुण वहिनी होती आणि तिचा मुलगा, ढब्बू. पण तो विचार तिने झटकून टाकला. आपलं घर शिकलेलं, आपल्याकडे असलं काही व्हायचं नाही, असं तिला खात्रीने वाटत होतं.

तिने मन लावून अर्ज तयार केला. मॅडमनी तो दोनदा दुरुस्त करायला लावला, मगच कोर्टात दिला. तारखा पडत गेल्या आणि अखेर मायलेकींची समुपदेशकांच्या खोलीत भेट ठरली.

मुलगी आजीचा पदर धरून आली. समुपदेशक बाईंनी तिला जवळ बसवून विचारलं, “या कोण, माहीत आहे का तुला?”

मुलीने इस्त्रीवालीकडे पाहिलं. “नाही.”

“तुझी आई कुठे आहे?”

“माझी आई मेली,” मुलगी सहज म्हणाली. कुणी पत्ता विचारल्यावर सांगावा, तसं.

वकीलबाईचा तिळपापड झाला. बाहेर व्हरांड्यात तिने सासूला गाठलं. “जिवंत बाईला मेली सांगता? तुम्हीही बाईच ना?”

सासू शांतपणे म्हणाली, “माझी आईही मला टाकून दुसऱ्या घरी गेली, बाळ. ती येईल म्हणून मी किती वर्षं दाराकडे बघत बसले. हिला वाट तरी बघावी लागू नये, म्हणून सांगितलं मेली.”



कायदा इस्त्रीवालीच्या बाजूने होता. मॅडम म्हणाल्या, आपण जोर लावू, ताबा मिळेल. इस्त्रीवालीने नकारार्थी मान हलवली. “आजीपासून ओढून नेली, तर मीही तेच केलं म्हणायचं ना, जे त्यांनी केलं? आधी तिला माझी ओळख तरी होऊ दे.” शेवटी दर रविवारी दुपारी केंद्रात भेटायचं, एवढ्यावर तडजोड झाली.

थोड्याच दिवसांनी वकीलबाई घरी आली, तर आई-वडील तिची वाटच बघत होते. वहिनीला स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, वहिनीलाही पसंत होता.

“हे चांगलंच झालं की!” ती म्हणाली.

“हो, आमचंही काही म्हणणं नाही,” वडील म्हणाले. “ढब्बू आपल्याकडे राहील. तेवढा तुझ्या मॅडमना विचारून एक पक्का कागद करून घे. पुढे कटकट नको.”

ती उठून स्वयंपाकघरात गेली. वहिनी ढब्बूच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. “वहिनी, तुला चालणार आहे हे?”

“न चालून सांगते कुणाला?” वहिनी वर न बघताच म्हणाली. “त्याला खोकला झाला की रात्री उशाला पाणी ठेवत जा. मागत नाही तो, तसाच खोकत राहतो.”

वकीलबाई तशीच बाहेर आली. “बाबा, मी कागद करणार नाही. ढब्बू त्याच्या आईबरोबर जाईल. तुम्ही दुसऱ्या कुणाकडून करून घेतलात, तर वहिनीच्या बाजूने मॅडमना मीच घेऊन येईन.”

“आमच्या विरुद्ध?” वडिलांचा आवाज चढला.

आई रडू लागली. “माझा मुलगा गेला गं. त्याचं एवढंच उरलंय माझ्याकडे!”

“वहिनीचंही एवढंच उरलंय, आई.”

त्यानंतर आई तिच्याशी बोलेनाशी झाली. पण कागद झाला नाही. लग्नानंतर वहिनी ढब्बूचा हात धरून निघाली, तेव्हा त्याने वळून विचारलं, “आत्या, तू नाही येत?” ती हसली आणि पटकन आत निघून गेली. ज्याला तिने अंगाखांद्यावर खेळवलं होतं, त्याला घराबाहेर पाठवायला तीच भांडली होती. घर ओकंबोकं झालं. आई जेवायला बसली की अजूनही तिच्या हातून ताटात ढब्बूसाठी लहान घास केले जात, आणि ते तसेच राहत.

रविवारी वकीलबाई केंद्रात गेली. इस्त्रीवाली आधीच येऊन बसली होती. तिला तिने घरचं सगळं सांगितलं. इस्त्रीवालीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. “रडा. पण त्या पोराला आपली आई कोण ते ठाऊक राहील, वकीलबाई.”

“मी अजून वकील नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “होईन मात्र.”

इतक्यात जिन्यावर पावलं वाजली. आजीने मुलीला दारात सोडलं आणि ती बाहेरच बाकावर बसली. मुलगी आत आली. तिच्या एका बुटाची नाडी सुटून फरफटत होती. इस्त्रीवाली लगबगीने तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि तिने ती नाडी बांधून दिली.

“थँक्यू, मावशी,” मुलगी म्हणाली. परक्या माणसांशी नीट बोलावं, हे आजीने तिला चांगलं शिकवलं होतं.

इस्त्रीवालीने मान वर केली नाही. दुसऱ्या बुटाची नाडी घट्ट होती. तिने तीही सोडली आणि सावकाश पुन्हा बांधू लागली.