दार मोजायचं राहिलं

मी टेबल बोलतोय. जरा मोठ्याने बोलतोय, कारण तुमच्या-माझ्यात एक भिंत आहे. भिंत कसली, प्लायवूडचं पार्टिशन. पण अडकवून ठेवायला तेवढंही पुरतं.

माझा जन्म याच संस्थेत झाला. इथे कृत्रिम पाय बनवतात. अपघातात किंवा आजारात पाय गेलेली माणसं कुबड्या घेऊन येतात आणि चालत घरी जातात. चामडं कापायला मोठं टेबल हवं, म्हणून सुताराने मला इथल्या हॉलमध्येच बनवलं. मी चांगला लांबरुंद आहे. माझे पाय स्क्रूचे नाहीत. खाचा पाडून, सरस भरून कायमचे बसवलेले आहेत. काम संपल्यावर हात झटकत सुतार म्हणाला, "हे आता हलायचं नाही." त्याची जीभ काळी असावी.

पुढे प्लास्टिक आलं, चामडं मागे पडलं आणि मला कोपऱ्यात सरकवलं. काही दिवसांनी सामान ठेवायला खोली हवी झाली. तीही नेमकी त्याच कोपऱ्यात. माझ्याभोवतीच पार्टिशन उभं राहिलं, त्याला एक अरुंद दार बसलं, रंगसुद्धा देऊन झाला. मग मिस्त्रींच्या लक्षात आलं की टेबल आत राहिलंय. मिस्त्री म्हणजे इथल्या वर्कशॉपचे प्रमुख. त्यांनी मला आडवं करून पाहिलं, उभं करून पाहिलं, तिरकं करून पाहिलं. दार मोजायचं राहिलं होतं. शेवटी ते म्हणाले, "असू दे आतच. लागेल कधीतरी."

तेव्हापासून मी आत आहे. माझ्यावर खोकी आहेत, खाली खोकी आहेत. खिडकी नाही. पार्टिशनपलीकडे फिटिंगची खोली आहे. तिथे माणसं पहिलं पाऊल टाकतात, पडतात, हसतात. मला फक्त ऐकू येतं.

मग एका ट्रस्टचं पत्र आलं. विद्यार्थ्यांना सहा आठवडे काम शिकायला पाठवतो, त्यांचं विद्यावेतन आम्हीच देऊ, तुम्ही फक्त जागा द्या. आमचे मोठे साहेब खूश झाले. "आपल्या खिशाला चाट नाही, मग नाही कशाला म्हणायचं? येऊ देत की." फुकटचं ते पौष्टिक. पण आलेला विद्यार्थी करणार काय, कोणाच्या हाताखाली, हे कोणीच विचारलं नाही. माणसांची एक खोड मी पाहिली आहे. विकत आणलेली वस्तू कुठे ठेवायची यावर ती आठवडाभर भांडतात. फुकट आलेली मिळेल तिथे ठेवतात. त्या मुलांना माझ्यापाशी ठेवलं.

पहिला मुलगा हुशार होता. त्याला खोक्यांवर लेबलं लावायला दिली. लावून झाल्यावर जुनी काढून पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्याने मोबाईलवर दिवस काढले आणि जाताना माझ्या अंगावर कर्कटकाने कोरलं, 'मी इथे होतो'. मला राग आला नाही. त्या पोराला दुसरा पुरावाच नव्हता.

नंतर ती आली. यंत्रं बनवण्याचं शिक्षण घेत होती. सगळे तिला 'पाहुणी' म्हणत. नाव प्रेमाचं होतं, पण पाहुण्याला कोणी कामाला हात लावू देत नाही.

पहिल्या दिवशी तिने माझ्यावरची खोकी उतरवली, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि पट्टी, पेन्सिल नीट मांडून वाट बघत बसली. दुपारी ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "अगं, बस ना निवांत. मिस्त्रींना विचार, ते सांगतील." मिस्त्री म्हणाले, "मशीनला हात लावशील, काही झालं तर जबाबदारी कोणाची? साहेबांना विचार." अशी टोलवाटोलवी चार आठवडे चालली. मिस्त्री वाईट नाहीत. पण पैसा बाहेरचा, म्हणून पोरगीही बाहेरचीच, असं सगळ्यांनी मनाशी धरलं होतं.

संध्याकाळी ती वडिलांशी फोनवर बोलायची. "हो बाबा, खूप काम असतं. खूप शिकतेय." फोन ठेवला की डोकं माझ्यावर टेकवायची. लाकडाला गहिवर येतो की नाही हे सुतारालाच विचारा. मला यायचा. तिला घरी रिकाम्या हाताने जायचं नव्हतं, आणि दिवस तर सरत चालले होते.

पलीकडच्या खोलीत एक शिवणकाम करणाऱ्या मावशी यायच्या. गुडघ्याखालचा पाय गेलेला. नव्या पायाने चालायला त्या छान शिकल्या होत्या, पण त्यांचं रडगाणं एकच होतं. "चालते हो मी. पण मशीनच्या पायडलवरून पाय सटकतो. चालून पोट भरतं का?"

मिस्त्रींचं उत्तरही एकच होतं. "सवय होईल, मावशी."

हे पाहुणीने इथे बसून कितीदा तरी ऐकलं. मी तर पाठच केलं होतं. एक दिवस मावशींचं बोलणं अर्ध्यावर असताना ती ताडकन उठली आणि थेट फिटिंगच्या खोलीत गेली. पेशंटना चालायला शिकवणाऱ्या ताई तिथे असतात. पाहुणी म्हणाली, "ताई, पायाला हात नाही लावणार. वरून घालायचा रबरी तळवा करते. शिवताना घालायचा, उठताना काढायचा. मला करू द्या ना."

ताई म्हणाल्या, "कर. कोणी विचारलं तर माझं नाव सांग."

एवढंच लागत होतं. एका माणसाने 'माझं नाव सांग' म्हणायला चार आठवडे गेले.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले. माझ्यावर पुन्हा कापाकापी सुरू झाली. रबर, पट्टे, बक्कल. दुसऱ्या दिवशी मिस्त्री दारात येऊन उभे राहिले, तिचं कापणं बघून वैतागले आणि स्वतःची धारदार सुरी तिच्या हातात देऊन गेले. पण मावशींना या अडगळीत यायला जमेना आणि मला बाहेर जाता येईना. पोरगी इथे कापायची, तिकडे धावत जाऊन पायाला लावून बघायची, परत यायची. नुसत्या येरझाऱ्यांत तिचा किती वेळ गेला! मी पलीकडे असतो तर तळवा दोन दिवसांत झाला असता.

शेवटच्या दिवशी ट्रस्टच्या बाई काम बघायला आल्या. मावशींच्या जावयाने शिलाई मशीन टेम्पोत घालून आणलं होतं. सगळे पलीकडे जमले. मी आत एकटाच. आधी नुसती शांतता. मग एक खट्ट, पुन्हा शांतता. मावशी पुटपुटल्या, "थांब गं, थांब." आणि मग मशीन चालू लागलं. थांबेचना. मावशी नुसत्या शिवत होत्या.

बाईंनी विचारलं, "छान. पण आधीचे चार आठवडे ही काय करत होती?"

साहेब म्हणाले, "बसायची सोय केली होती आम्ही."

बाई शांतपणे म्हणाल्या, "पुढच्या वेळी कोणाच्या हाताखाली आणि कुठल्या कामावर, ते आधी कळवा. मग पाठवते."

"माझ्या हाताखाली," ताई म्हणाल्या. "आणि इथे, पेशंटसमोर. फक्त ते टेबल बाहेर काढून द्या."

जाताना पाहुणी आत आली. बॅग उचलली, माझ्यावरून एकदा हात फिरवला. तिने काही कोरलं नाही. तिला गरज नव्हती.

मिस्त्री टेप घेऊन आले. या वेळी त्यांनी आधी दार मोजलं, मग मला. "पाय कापल्याशिवाय निघायचं नाही," असं म्हणून माझ्या चारही पायांवर पेन्सिलने खुणा केल्या आणि साहेबांना विचारायला गेले. साहेब म्हणाले, "बघू."

ते 'बघू' अजून चालू आहे. माझ्यावर पुन्हा खोकी चढली आहेत. नवा मुलगा येत्या सोमवारी येतोय. आज कोणीतरी या खोलीत त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

म्हणून ओरडतोय. मिस्त्री, करवत आणा. माझ्या पायांची काळजी करू नका, पाय गेलेल्याला उभं करणं हाच तर तुमचा धंदा आहे. मला कापा, पण त्या पोराला इथे बसवू नका.