इंजिनाचा पगार

कर्जतच्या स्टेशनाबाहेर भाताची गिरणी कुणाची, असं विचारलं की लोक अंबूबाईचं नाव सांगत. आणि तेवढ्यावर न थांबता हेही सांगत, की त्या गिरणीत इंजिनाला पगार मिळतो. सांगणारा हसायचा, ऐकणारा हसायचा, पण अंबूबाई कधी हसली नाही. तिच्या दृष्टीनं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

ही रीत तिच्या नवऱ्यानं, नागोजीनं घातली होती. मुंबईहून जुनं ऑइल इंजिन बैलगाडीतून गिरणीच्या दारात उतरलं, तेव्हाच त्यानं दिवाणजींना सांगितलं होतं, "हजेरीत याचं नाव घाला. रोज आठ आणे." दिवाणजी म्हणाले, "अहो, इंजिन काय घरी बाजार घेऊन जाणार आहे?" नागोजी म्हणाला, "माणूस दमला तर सांगतो. इंजिन सांगत नाय, एक दिस बंदच पडतं. त्याचा पगार बाजूला ठेवा, म्हंजे त्याच्या म्हातारपणी त्याच्याच पैशानं दुसरं येईल." दोन वर्षांनी नागोजी तापानं गेला. जाताना बायकोला त्यानं फार काही सांगितलं नाही. इंजिनाचा पगार चुकवू नको, एवढंच सांगितलं.

अंबूबाईनं तो चुकवला नाही. शनिवारी माणसांचे पगार झाले, की इंजिनाचे पैसे ती तांब्याच्या हंड्यात टाकायची आणि महिन्याअखेर पोस्टात भरायची. भात कमी आलं तरी भरायची. इंजिन चालवणारा कोंडाजी कुरकुरायचा, "माझ्यात नि ह्याच्यात चारच आण्यांचा फरक. आणि हा बिडीसुदीक वढत नाय." अंबूबाई म्हणायची, "तू बी बिडी सोड, मग बघू."

आता मात्र इंजिनाचं म्हातारपण खरंच आलं होतं. सुरू होताना ते दमेकऱ्यासारखं खोकायचं, तीनदा बंद पडायचं आणि चौथ्यांदा कोंडाजीच्या शिव्या खाऊन चालू लागायचं. कोंडाजीनं सांगून टाकलं होतं, की हा हंगाम काही ते काढत नाही. पोस्टातले पैसे नव्या इंजिनाला जेमतेम पुरत होते. दिवाळी झाली होती, खालापूरकडून भाताच्या गाड्या यायला लागल्या होत्या, आणि अंबूबाई मुंबईला माणूस धाडणार, एवढ्यात इन्कमटॅक्सची नोटीस आली.

तोवर हा कर बड्या लोकांचा. वर्षाला दोन हजार मिळवणाऱ्यानं तो भरावा, अशी सरकारची रीत होती. गेल्या वर्षी सरकारनं ती रेघ हजारावर आणली आणि अंबूबाईसारखी माणसं जाळ्यात सापडली. दिवाणजींनी तर लगेच वहीच पुढं ओढली. "हजेरीतलं ते इंजिन आधी काढून टाकतो," ते म्हणाले. "खोटा कामगार दाखवला असं साहेब म्हणेल. एकदा वही खोटी ठरली, की तो मनानंच उत्पन्न ठरवणार. वर दंड. मग पोस्टातलं काही उरायचं नाही."

"अकरा वर्सं लिवलेलं आज खोडायचं?" अंबूबाई म्हणाली. "खोडलं तर मंग खोटं होईल." रात्रभर तिला झोप आली नाही, ही गोष्ट वेगळी.

साहेब ठाण्याहून आला. तो मराठीच होता, चाळिशीतला, काळा कोट, आणि चेहऱ्यावर सगळं जग खोटं बोलतं अशी समजूत. गिरणीच्या ओसरीवर खुर्ची टाकून त्यानं हजेरी उघडली आणि थोड्याच वेळात त्याचं बोट एका ओळीवर थांबलं.

"हे काय? इंजिन, आठ आणे?"

"व्हय," अंबूबाई म्हणाली.

साहेबाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "सगळ्यांना बोलवा. मी नावं वाचतो, ज्याचं त्यानं हजर म्हणावं."

पाखडणाऱ्या ठाकरणी सुपं ठेवून उभ्या राहिल्या. आवडी हजर झाली, ठकी हजर झाली, हमाल झाले, कोंडाजी झाला. मग साहेबानं मुद्दाम आवाज चढवून वाचलं, "इंजिन!"

कोंडाजीनं शांतपणे आत जाऊन चाक फिरवलं. आणि काय दैव असेल ते, पहिल्याच झटक्याला इंजिन टुकटुकायला लागलं. "हजर हाय, सायेब," कोंडाजी आतून ओरडला. ठाकरणी पदर तोंडाला लावून हसल्या. अंबूबाईनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, आणि डोळे उघडून पाहते तर साहेबाच्या मिशीखालीही काहीतरी हललं होतं.

पण हसला म्हणून साहेब सोडणार थोडाच होता? पोस्टाचं पुस्तक पाहून तो म्हणाला, "बाई, तुम्ही लबाडी केली असं मी म्हणत नाही. पण हा पैसा खर्चात धरता येत नाही. तुम्ही तो तुमच्याच एका हातातून दुसऱ्या हातात ठेवला. कायद्यानं हा नफाच."

"मंग नवं इंजिन कशानं आणू?" अंबूबाई म्हणाली. "ते बंद पडलं तर ह्या बाया कुटं जातील, सायेब? डोंगरावरून उतरतात त्या ह्याच्यासाठी."

गोदानं, म्हणजे अंबूबाईच्या विधवा नणंदेनं, अंगणात भात वाळवता वाळवता येऊन गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला. साहेब पाणी प्याला. मग म्हणाला, "कायद्यात घसारा नावाची गोष्ट आहे. यंत्र वापरानं झिजतं. त्या झिजेपोटी दरवर्षी त्याच्या खरेदीच्या किमतीचा ठराविक भाग कायदा नफ्यातून सोडतो. तुमच्या आठ आण्यांशी त्याचा संबंध नाही. पण किंमत सिद्ध व्हायला हवी. पावती आहे?"

पावती होती. पण कुठं? इंजिनाच्या डोक्यावर, भिंतीला! अंबूबाईच्या लेखी ती देवाच्या तसबिरीइतकीच पवित्र. दर खंडेनवमीला इंजिनाला हार घालून झाला, की पावतीलाही हळदकुंकू लागायचं. दिवाणजींनी कपाळावर हात मारला. अकरा वर्षांच्या कुंकवाखाली आकडा कसला शिल्लक राहतोय! आपल्या हातांनीच आपण नवऱ्याची पावती पुसली, असं अंबूबाईच्या मनानं घेतलं.

कोंडाजीनं पावती भिंतीवरून काढून आणली. साहेबानं ती उजेडाकडे धरली. काच होती, काचेवर कुंकवाचे थर होते, आणि गोदानं पुढं होऊन ओल्या पदरानं एकदा पुसलं तसा आत सगळा आकडा स्वच्छ दिसला. मुंबईच्या व्यापाऱ्याचं नाव, तारीख, तिकीट, सही.

अंबूबाईला तेव्हा आठवलं. नागोजी गेला त्या साली पावती उघडीच खिळ्याला होती. कुंकवाचं तेल कागदाला खायला लागलं, तेव्हा गोदानं आपल्याबरोबर सासरहून आणलेल्या गणपतीच्या तसबिरीची चौकट नि काच काढून पावतीला बसवली होती. अंबूबाई किती चिडली होती! "देवाची काच काढलीस गं?" आणि गोदा म्हणाली होती, "देवाला कुकवाचं कसलं भ्या, वयनी? कागुद हाय तो." त्या गणपतीला आजवर काच नव्हती.

साहेबानं कागदावर आकडेमोड केली. ती करताना एकदा थांबला, पुन्हा वरपासून केली, आणि त्याच्या चेहऱ्यावरची ती समजूत थोडी ढिली झाली. "बाई, तुम्ही इंजिनाला जो पगार देता, त्याहून जास्त घसारा कायदा देतो. हे तुम्ही मागितलं नव्हतं, पण माझं काम बरोबर आकारणी करायचं. कर बसेल, पण किरकोळ. पोस्टाचं पुस्तक जपून ठेवा आणि इंजिन आणा."

न सांगता तो माणूस सरळ निघून गेला असता, तर कुणाला कळलं असतं? अंबूबाईनं हात जोडले. दिवाणजींनी नव्या तांदळाची पिशवी पुढं केली. साहेबानं ती हातानंच मागं सारली, पण गुळाचा दुसरा खडा मात्र उचलला.

वही मिटता मिटता त्यानं विचारलं, "ही काच कुणी बसवली?"

"गोदानं. माझी नणंद."

"भात वाळवत होत्या त्याच ना? त्यांचं नाव हजेरीत दिसलं नाही."

"ती घरातली हाय, सायेब. घरातल्याला कसला पगार?"

"असं," साहेब म्हणाला. त्यानं एकवार इंजिनाकडे पाहिलं, पण पुढं काही विचारलं नाही. टोपी घातली आणि स्टेशनाकडे चालू लागला.

अंबूबाईच्या मनात मात्र तो न विचारलेला प्रश्न रुतून बसला. भात उन्हात घालणं, खालीवर करणं, ढग आला की एकटीनं ओढून आत घेणं, हमालांच्या भाकऱ्या, ठाकरणींच्या पोरांना पेज, हे सगळं गोदा इंजिनाइतकीच वर्षं करत होती. लोखंडाच्या म्हातारपणासाठी हंडा ठेवला होता. गोदाच्या म्हातारपणासाठी काय ठेवलं होतं? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा आपणच, हे कळल्यावर अंबूबाईला आपली लाज वाटली.

शनिवारी पगार होते. साजगावची यात्रा भरलेली, त्यामुळे सगळ्यांना पगाराची घाई. दिवाणजींनी नावं वाचली, शेवटी इंजिन वाचलं, आणि त्याच्यापुढं नवीन ओळ वाचली. "गोदाबाई. बारा आणे रोज."

गोदा शेणाच्या हातांनी तशीच उभी राहिली. अंबूबाईनं तिच्यापुढं पैसे धरले, तर तिनं हात मागं घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

"माजं काय चुकलं, वयनी?" ती म्हणाली. "परकी केलीस मला?"

अंबूबाईनं असं काही होईल हे धरलंच नव्हतं. ती ओसरीवरून उतरली आणि गोदाचा शेणाचा हात तिनं आपल्या हातात घेतला.

"इंजिनाला देते ते परकं म्हणून देते काय गं? तुज्या भावानं सांगितलं, ते झिजतं म्हणून द्यायचं. ते इंजिन माज्या डोळ्यांदेखत झिजलं, ते दिसलं मला. तू बी झिजलीस, ते दिसलं नाय. पावती तू राखलीस, भात तू राखलंस, मला बी तूच राखलंस. तुजे उपकार फेडायला नाय देत मी हे. ते फिटायचे नायत. तुज्या हाडांचं हाय, ते तुज्याकडं ठेव."

गोदा रडली आणि तिनं पैसे घेतले. दिवाणजींनी शाईची डबी पुढं केली, तिनं अंगठा उठवला आणि त्या ठशाकडे बराच वेळ पाहत राहिली. मग कोंडाजी म्हणाला, "गोदाताई, आता माज्या बरोबरीला आलीस. बिडी वढतीस काय?" तेव्हा कुठं ती हसली.

दुसऱ्या दिवशी ती ठाकरणींबरोबर साजगावला गेली. येताना तिच्या टोपलीत सुके बोंबील होते, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक काच. काच तिनं आधी गणपतीला बसवली. मग चुलीशी बसून बोंबलांचं कालवण केलं, भाकरी थापली आणि अंबूबाईपुढं ताट ठेवलं.

"खा, वयनी. माज्या पैशाचं हाय."

कालवणात मीठ जास्त झालं होतं. अंबूबाईनं पुन्हा वाढून घेतलं.