कोपऱ्यातली नानकटाई

मी नानकटाईचा पत्रा बोलतोय. आवाज कर्कश वाटला तर चालवून घ्या, माझी जातच तेलाच्या डब्याची. कोल्हापुरात दस्तगीरभाईंनी तो डबा कापला, कडा वळवून ठोकल्या आणि मी चिमणाबाईंच्या हातात पडलो. साल चौसष्टाच्या आसपासचं असेल.

त्या काळी घरात कुणाकडं भट्टी होती? दिवाळी आली की बायका घरीच डालडा आणि पिठीसाखर फेसायच्या, त्यात मैदा मळायच्या, गोळे पत्र्यावर मांडायच्या आणि पत्रा डोक्यावर घेऊन बेकरीत भाजायला न्यायच्या. लालासाबच्या बेकरीपुढं पत्र्यांची ही भली मोठी रांग लागायची. सगळे पत्रे एकाच वाणाचे, सगळ्या नानकटाया गोल. अदलाबदल झाली की बायकांची भांडणं पार पंचगंगेपर्यंत ऐकू जायची. म्हणून ज्यानं त्यानं कोपऱ्यातल्या एका नानकटाईवर आपली खूण करायची. कुणी चारोळी लावायचं, कुणी चमच्यानं फुली मारायचं.

आमच्या घरची खूण म्हणजे बनूचा अंगठा. बनू ही चिमणाबाईंची धाकटी, पाच वर्षांची. थोरली शालन प्रत्येक गोळ्यावर केशरी रंगाची टिकली द्यायची, जीभ बाहेर काढून, अगदी नीट. बनूचं काम एवढंच, कोपऱ्यात अंगठा दाबायचा.

आता पाच वर्षांच्या पोरीचं एका अंगठ्यावर भागतंय व्हय? आईची पाठ वळली आणि तिनं सगळा पत्रा अंगठ्यांनी भरून टाकला. शालनच्या टिकल्यांचा चिखल झाला. चिमणाबाईंनी तिच्या हातावर फाटकन मारली.

"एकच म्हटलं न्हवं? सगळ्यांवर केलीस तर खूण कसली ऱ्हायली?"

बनू रडली नाही. हात पाठीमागं लपवून उभी राहिली. आईनं सगळे गोळे मोडून पुन्हा वळले.

पुढच्या आखाडात ताप आला आणि बनू गेली.

ते वर्ष दुःखाचं. घरात तळण नाही, भाजण नाही. शेजारच्या धोंडुबाईंनी फराळाचं ताट आणून दिलं. चिमणाबाईंनी त्यानंतर बनूचं नाव काढलं नाही, शालननं काढलं तर त्या उठून जायच्या. बहिणीविषयी बोलायला पोरीला घरात कुणी उरलं नाही, म्हणून ती मला घासता घासता माझ्याशीच बोलायची. "आई तिला इसरली," म्हणायची. विसरते कसली? बाई मला उचलायच्या त्या डाव्या हातानं, उजवा पदराखाली ठेवून. त्याच उजव्या हातानं मारलं होतं.

वर्ष उलटलं आणि पुढच्या दिवाळीला चिमणाबाईंनी कोपऱ्यात चारोळी लावली. लालासाबनं मला भट्टीत सारलं, दार लावलं. आत काय झालं ते मलाच ठाऊक. सगळं अंग भाजून निघत होतं, आणि कोपऱ्यात काहीतरी टेकलं. इवलंसं, आणि आडातल्या पाण्यासारखं गार. भट्टीत माणसाचा हात जात नाही हो.

बाहेर काढलं तर चारोळी आत रुतलेली आणि वर अंगठा. लालासाबला काही माहीत नव्हतं. तो हसत म्हणाला, "वैनी, ह्यो तुमचाच. अंगठा हाय की. धाकटी न्हाय आली व्हय औंदा?"

शालननं आईकडं पाहिलं. "न्हाय," एवढंच म्हणून चिमणाबाईंनी मला उचललं. मी रसरसत होतो, पण त्यांना फडकं घ्यायचंही सुचलं नाही.

मग दर दिवाळीला तो अंगठा आला. शालन मोठी झाली, मलकापूरला नांदायला गेली. अंगठा तेवढाच राहिला. ती नानकटाई कधी कुणी खाल्ली नाही. चिमणाबाई ती कोनाड्यात ठेवायच्या आणि मुंग्या नेईपर्यंत तिकडं बघायच्या नाहीत.

पुढं लालासाबच्या पोरांनी विजेची भट्टी आणली. घरचे पत्रे घेणं बंद झालं, आणि मी माळ्यावर गेलो. बाईंना वाटलं असेल, सुटले एकदाची. पण दिवाळी आली तशा त्या रिकाम्या कोनाड्याकडं बघत बसायला लागल्या. जेवेनात, बोलेनात.

शालन लेकीला घेऊन माहेरी आली होती. तिनं आईची दशा बघितली आणि काही न विचारता मला खाली काढलं. पीठ मळलं. नातीनं टिकल्या दिल्या. कोपऱ्यातल्या गोळ्याकडं तिचा अंगठा गेला, तशा चिमणाबाई म्हणाल्या, "नगं बाळ. ती जागा तिची हाय."

"कुणाची, आई?" शालननं विचारलं.

चिमणाबाईंनी नातीचा हात अलगद बाजूला घेतला.

"बनूची," चिमणाबाई म्हणाल्या. मग माझ्यावर वाकल्या. "बनू, चुकलं माझं. मारायला नगं हुतं. सगळ्यांवर कर बाई. पायजे तेवढे अंगठे कर."

चुलीवर घमेल्यात वाळू तापवून मला तिच्यावर ठेवलं. वर परात पालथी घालून तिच्यावर निखारे पसरले. आधी कोपऱ्यात टेकलं. मग शेजारी, मग त्याच्या शेजारी, पोर घरभर पळावं तसं. आणि या खेपेला ते गार नव्हतं.

परात उचलली तर प्रत्येक टिकलीवर अंगठा. चिमणाबाईंनी कोपऱ्यातली नानकटाई उचलली आणि पहिल्यांदा खाल्ली. अर्धी शालनला दिली.

त्यानंतर अंगठा उमटला नाही. मी आता दाराआड खिळ्याला टांगलेला आहे, कडांना गंज चढलाय. उद्या भंगारवाला आला तर खुशाल द्या, माझी तक्रार नाही. फक्त पोरं पिठात हात घालतील तेव्हा मारू नका. उमटू देत सगळ्यांवर अंगठे. खुणेचं काय घेऊन बसलात, आपलं माणूस आपल्याला ओळखू येतं.