एकशेवीस-ऐंशी

पहिल्या टेबलावरच्या रक्तदाब मोजायच्या यंत्रातला पारा वर चढेचना. बाईंनी रबरी फुगा दाबदाब दाबला, पण हवा कुठूनतरी फुस्स करून निघून जाई आणि पारा जागचा हलत नसे. नळीला चांगली बोटभर चीर होती.

"यावर मोजलंत तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"हो मॅडम." टेबलाभोवतीच्या मुलांनी एका सुरात सांगितलं.

"किती आलं?"

"एकशेवीस-ऐंशी."

"पाराच चढत नाही, तर एकशेवीस आलं कुठून?"

सतत बोलत असतो म्हणून ज्याला वर्गात सगळे 'भाषण' म्हणत, तो मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "पुस्तकातून, मॅडम."

वर्ग खो खो हसला. बाईंना हसू आलं नाही. औषधनिर्माणशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रिया शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते. त्या तावातावाने दुसऱ्या टेबलाकडे गेल्या, मग तिसऱ्या. सगळीकडे एकशेवीस-ऐंशी. अख्ख्या वर्गाचं रक्त जणू एकाच नळातून वाहत होतं.

"सगळ्यांनी उद्या परत करायचं," त्या म्हणाल्या. "खरं मोजल्याशिवाय एकालाही मार्क मिळणार नाहीत."

"पण मॅडम, आम्हाला कुठे डॉक्टर व्हायचंय?" भाषण म्हणाला. "आम्ही गोळ्या देणार."

"कशावर देणार? पुस्तकावर?"

संध्याकाळी प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मुलं त्यांच्याकडे आधीच रडून आली होती. "मॅडम, कशाला ताणता?" ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "नॉर्मल पोरांचं नॉर्मलच येणार. देऊन टाका मार्क."

"सर, यंत्रं मोडकी आहेत. नवीन मागून मागून माझं तोंड दुखलं."

"पुढच्या वर्षी बघू."

हे 'पुढच्या वर्षी' बाई इतक्यांदा ऐकून चुकल्या होत्या, की आता त्यावर काही बोलण्यातही राम उरला नव्हता. त्या प्रयोगशाळेत परतल्या. एका यंत्राची नळी, दुसऱ्याचा फुगा, तिसऱ्याचा पट्टा असं जुळवून त्यांनी एक धड यंत्र उभं केलं. हात रबराच्या वासाने भरले. मान सकाळपासून ठणकत होती. या कार्ट्यांनीच डोकं उठवलंय, असं मनाशी म्हणून त्या घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या एकाच यंत्रापाशी रांग लागली. कोणी स्टेथोस्कोप कानात उलटा घातला, कोणी पट्टा कोपरावरच गुंडाळला, कोणी हवा इतकी भसकन सोडली की ऐकायला काही उरलंच नाही. बाई पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या: हवा हळू सोडा, पहिला ठोका ऐकू येईल तो वरचा आकडा, ठोका विरेल तो खालचा. घसा बसला. जेमतेम निम्म्यांना जमलं.

शेवटी आली चिमणी. आवाज एवढासा, म्हणून मैत्रिणींनी ठेवलेलं नाव. तिची जोडीदारीण कंटाळून निघून गेली होती.

"माझा हात घे," बाईंनी बाही वर सारली.

चिमणीने पट्टा बांधला, फुगा दाबला, हवा अगदी हळू सोडली. एकदम तिचे डोळे मोठे झाले. "मॅडम, ऐकू आलं! टक् टक् येतंय!"

"छान. किती?"

तिचा चेहरा उतरला. "माझं चुकलं असेल. परत घेते."

परत घेतलं. मग ती पट्ट्याशी चाळा करत उभी राहिली.

"अगं, सांग की!"

"एकशे सत्तर," ती पुटपुटली. "खाली एकशे चार."

"तुम्ही आमच्यावर चिडलात म्हणून असेल, मॅडम," भाषण हळूच म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

"रागाने वाढतो, बरोबर आहे," बाई म्हणाल्या. शिकवायची सवय अशी, की आवाज आपोआप फळ्यापुढचा झाला. "म्हणून थोडा वेळ शांत बसायचं आणि परत मोजायचं."

त्या डोळे मिटून बसल्या. पोरंही बसली. चिमणीने पुन्हा मोजलं. आकडा जरासा उतरला होता, पण जरासाच. बाईंनी स्वतः स्टेथोस्कोप कानाला लावून खात्री करून घेतली. पोरीचं काही चुकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून आहे?"

"माहीत नाही."

"तुम्ही तर हेच शिकवता ना?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी नवरा म्हणाला, "सोड ते कॉलेज. कोणासाठी जीव आटवतेस?" बाई पहिली गोळी गिळून उद्याच्या तासाची टिपणं काढत बसल्या.

आठवडाभराने कळलं, की प्राचार्यांनी सरसकट सगळ्यांचे पूर्ण मार्क विद्यापीठाकडे पाठवूनही दिले. ज्यांनी मोजलं त्यांना तेवढेच, ज्यांनी नाही मोजलं त्यांनाही तेवढेच. बाई तडक त्यांच्या खोलीत शिरल्या.

"बसा, बसा मॅडम," प्राचार्यांनी खुर्ची पुढे केली. "प्रेशर वाढेल."

बाई बसल्या नाहीत. जे बोलायचं ते उभ्यानेच बोलल्या, आवाज चढवून बोलल्या. मार्क बदलले नाहीत. ते पाणी पालथ्या घड्यावर गेलं, हे बोलतानाच त्यांना दिसत होतं. त्या बाहेर आल्या, तर दाराशी चिमणी उभी.

"तुला काय हवंय आता?" त्या तिच्यावरच खेकसल्या.

चिमणी दचकली, पण हलली नाही. "मॅडम, तुम्हाला गोळी सुरू झाली ना? गोळीने तो ठोका मऊ होतो का? पुस्तकात नाही सापडलं."

"ठोका कशाला मऊ होईल? तो ऐकू यायला लागतो ती जागा खाली येते." बोलता बोलता बाई थांबल्या. धाप अजून ओसरली नव्हती. "का खाली येते, ते सांग बघू."

"नाही येत, मॅडम."

"मग चल," बाई म्हणाल्या आणि कपाळावरची आठी तशीच ठेवून जिन्याकडे वळल्या. "रक्तवाहिनीपासून सुरुवात करावी लागेल."