पहिला घाव

माले गावच्या महादेवाच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, उद्या कलश चढायचा, आणि देवस्थानचे अध्यक्ष हैबतरावांना आज सुचलं, की दाराशेजारच्या दगडातली ती उघडी बाई तासून टाकायची. डोक्याच्या जागी कमळ, गुडघे फाकलेले. उद्या बडी मंडळी येणार, लाज वाटते म्हणे. इतकी वर्षं कुणाला वाटली नव्हती!

"अलाउद्दीन, घाल छिन्नी," ते म्हणाले.

अलाउद्दीन पाथरवटानं पिशवीतून छिन्नी काढली. सगळं दगडकाम गावच्या सोमनाथनं केलं, मग या एका कामाला आपल्याला पौडहून का बोलावलं, ते त्याला आत्ता उमगलं. अध्यक्षांचा पुतण्या विकी मोबाईल रोखून उभाच होता. उद्या गाव बिथरलं तर व्हिडिओत हात कुणाचा दिसणार? त्याला घरी एकटी असलेली बायको रोशनबी आठवली.

लेक समीनाच्या जन्माच्या वेळी रोशनबीनं याच बाईला लोणी लावलं होतं. अडलेली बाळंतीण सुटते म्हणून सगळ्याच घरच्या बाया लावायच्या. समीना आता आयर्लंडात नर्स आहे. तिथल्या जुन्या चर्चच्या भिंतीवर अशीच दगडी बाई बसलेली पाहून तिनं फोटो धाडला होता. "अब्बा, आपल्या माल्याची बाई हितं पण हाय! अशा लई जणी फोडल्या म्हणं, ही वाचली."

तिकडं फोडणाऱ्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. इथं आपलं मात्र राहणार, हे अलाउद्दीनला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं छिन्नी-हातोडा हैबतरावांपुढं धरला. "आमच्या कामाची रीत हाय, अध्यक्ष. पयला घाव यजमानाचा. मग मी हायेच."

हैबतराव चपापले. पण चारचौघांत मागं कसं हटायचं? त्यांनी छिन्नी टेकवली. ती घसरली. पुन्हा टेकवली, पुन्हा घसरली. दगडावर ताजं लोणी होतं.

"कुनी लावलं हे?" ते गरजले.

"म्या," त्यांची आई गोजराबाई पुढं आली. "दीपमाला सकाळधरनं अडलीया दवाखान्यात. तुझीच सून हाय. तुला कलशापुढं ऐकायला सवड कुटं? मार आता."

विकीनं मोबाईल खिशात टाकला.

हैबतरावांनी छिन्नी खाली ठेवली. बोटांना लागलेलं लोणी त्यांनी त्या दगडी गुडघ्यावर परत लावलं.

"आये," ते हळूच म्हणाले, "दवाखान्यातनं फोन आला का?"